सपक माणसाची जीभ

शब्दकोशात 'सपक' या शब्दापुढे 'बेचव' एवढंच लिहून मंडळी मोकळी झाली आहेत. ज्यांनी लिहिलं त्यांना आठ दिवस पारोळ्याला माझ्या मावशीकडे पाठवायला हवं होतं. तिने त्यांना चुलीपुढे बसवून अर्थ शिकवला असता आणि चुकलं की पळी दाखवली असती.

मावशीचं नाव द्रौपदाबाई सुरवाडे. पारोळा तालुक्यात वरणबट्टीची पंगत असली की तिला बोलावणं जातं. साखरपुडा असो, नामकरण असो, पुण्यानुमोदन असो, डाळ आणि वांग्याची घोटलेली भाजी तिच्याच हातची लागते. मी धुळ्याच्या कॉलेजात मराठी शिकवते, पण हा एक शब्द मी तिच्याकडून शिकले. लहानपणी एकदा सुट्टीत तिच्या ताटातली आमटी मी तोंड वाकडं करून 'सपक आहे' म्हणाले होते. तिने माझ्या वाटीत बोट बुडवून चाखलं आणि मला दटावलं.

"हाई सपक नही शे, प्राची. हाई अळणी शे. मीठ ऱ्हायी गयं. वरतीन टाकं का व्हई गयं."

मीठ राहिलं ते अळणी, त्याला इलाज आहे. पाणी जास्त झालं ते पाणचट, तेही आटवता येतं. "सपक म्हंजे बठ्ठं टाकेल शे, तरी काही उनं नही," ती म्हणायची. मीठ-मिरची, हिंग, लसूण, सगळं मापात पडलंय आणि तरीही घास तोंडात जाऊन गप्प बसतो, ते सपक. त्याला इलाज नाही. हा शब्द ती फार जपून वापरायची. एका पुढाऱ्याचं भाषण तिने सपक ठरवलं होतं, जळगावच्या एका हॉलमधलं दोन हजार माणसांचं लग्न ठरवलं होतं आणि रोजच्या वापरात तो शब्द एकाच माणसासाठी राखून ठेवला होता. तिच्या नवऱ्यासाठी.

"तुन्हा काका ना, सपक मानूस शे. अडतीस वरीस व्हयनात, चांगलं नही का वाईट नही."

पुनाकाका बाजार समितीत मापाडी होते. दिवसभर काट्यापाशी उभं राहून शेतकऱ्यांच्या मालाची वजनं खड्या आवाजात पुकारायची, हे त्यांचं काम. त्या आवाजात सगळं यार्ड दणाणायचं म्हणे. घरी मात्र तो आवाज कुणी ऐकला नाही. ते यायचे, हातपाय धुवायचे, ताटावर बसायचे, पुढ्यात येईल ते खाली मान घालून जेवायचे आणि ताट धुऊन पालथं घालायचे. ताट स्वतः धुणारा माणूस म्हणून वस्तीतल्या बायका मावशीचा हेवा करायच्या. मावशीला त्याचं काही वाटायचं नाही. तालुका जिच्या डाळीसाठी पंगतीला बसायचा, तिला घरातल्या एका माणसाकडून एक शब्द हवा होता. तो अडतीस वर्षांत आला नाही.

मी सरळच सांगते, मला पुनाकाका आवडायचे नाहीत. मुकाट जेवणाऱ्या पुरुषांचा मला रागच आहे. बाईने दोन तास उभं राहून केलेलं दहा मिनिटांत संपवायचं आणि चेहऱ्यावर माशीसुद्धा हलू द्यायची नाही, हा मला माज वाटतो. मावशीने त्यांना सपक म्हटलं की मी हसून दुजोरा द्यायचे. ते ऐकत असायचे. तरी हसायचे मी.

साथीच्या दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत मावशीला ताप आला. दोघंही आठ-दहा दिवस आजारी होती, दोघंही उठली. काकांचं सगळं जागेवर आलं, मावशीची चव आणि वास मात्र परत आला नाही. लोकांचा महिन्या-दोन महिन्यांत येत होता. जूनपर्यंत वाट पाहून मी तिला धुळ्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं की येईल, पण कधी ते सांगता येत नाही, कदाचित येणारही नाही. मग रोज दोन वेळा चार वस्तू हुंगायला सांगितल्या: लवंग, लिंबाची साल, गुलाबाचं अत्तर आणि निलगिरीचं तेल. एकेक वस्तू नाकाशी धरायची आणि तिचा वास मनात आठवायचा.

परतीच्या एसटीत मावशी खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी विचारलं, सगळं सपक लागतं का गं? तिने मान हलवली.

"सपक म्हनाले बी जीभ लागस, पोरी. माले काहीच नही लागत. मिरची झोंबस तेवढी. बाकी माती चाव का भाकर चाव."

उतरताना तिने माझा हात धरला. काकांना सांगायचं नाही, म्हणाली. मी म्हटलं, सांगून तरी काय, त्यांना फरक कळणार आहे थोडाच? ती हसली नाही.

घरी तिचं निभत होतं. हाताला माप माहीत होतं, काका नेहमीसारखे मुकाट जेवत होते आणि त्या काळात पंगती बंदच होत्या. लवंग-लिंबू हुंगायचं काम ती न्हाणीघराच्या आडोशाला उरकायची. दिवाळीनंतर मात्र बोलावणी पुन्हा सुरू झाली. पहिली दोन कामं हाताच्या अंदाजाने पार पडली. तिसरं होतं शेजारच्या गावातलं, एका वारलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या पुण्यानुमोदनाचं.

तिथे काय झालं ते मला मावशीनेच सांगितलं, पुढच्या रविवारी, ओट्यावर बसून. डाळ शिजत असताना ती बट्ट्यांच्या घाण्याकडे गेली होती. तेवढ्यात वारलेल्या गृहस्थांची बहीण, बेबाबाई, तिथे आली. भावाच्या शेवटच्या जेवणाला आपला हात लागावा म्हणून तिने विचारलं, मीठ पडलंय का? कुणीतरी नाही म्हणालं, म्हणून तिने ओंजळी भरून टाकलं आणि रडत निघून गेली, हे मावशीला मागाहून कळलं. मावशी परत आली, तिने आपल्या मापाने पुन्हा टाकलं. एरवी पळीच्या टोकाने तळहातावर थेंब घेतला असता की कळलं असतं. थेंब तिने घेतलाही, सवयीने चाटलाही. जिभेला काही समजलं नाही.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या जेवणाला कुणी नाव ठेवत नाही. दुखात बसलेल्या घराला आणखी काय बोलायचं? अडीचशे माणसं जेवली, ताटात काही टाकलं नाही, हात जोडून उठली. कुणी काही म्हणालं नाही. फक्त संध्याकाळपर्यंत पुरतील म्हणून आणलेले पाण्याचे जार पहिल्याच पंगतीत संपले आणि शेजारपाजारचे हंडे आणावे लागले. पाणी वाढणाऱ्यांची धावपळ पाहून मावशीला शंका आली. तिने बेबाबाईला बाजूला घेऊन विचारलं, कसं झालं? बेबाबाईने पदराने डोळे टिपले.

"अक्का, चांगलं व्हयनं," ती म्हणाली. पण मान वर केली नाही.

"कोनी शिवी दिन्ही ऱ्हाती तरी बरं व्हतं," मावशी मला सांगत होती. "खारट दाय खाईसन लोकेसनी माले हात जोडात, प्राची." आणि मग ती रडली. चाळीस वर्षं शंभर-पाचशेच्या पंगती पेलणारी बाई, मी तिला रडताना पाहिलंच नव्हतं. मलाही रडू आलं. एका बाईकडे सांगण्यासारखं एकच काहीतरी असावं आणि नेमकं तेच जावं, हे मला फार अन्यायाचं वाटलं. अजूनही वाटतं.

आठ दिवसांवर वस्तीतल्या समाधानच्या मुलीचा साखरपुडा होता. दुपारची पंगत, सहाशे माणूस, डाळ आणि भाजी मावशीने कबूल केलेली. ती म्हणाली, मी त्याला आजच नाही म्हणून सांगते आणि यापुढे पळी हातात धरायची नाही. मी म्हटलं, मी रजा टाकते, तुझ्याजवळ उभी राहून चाखत जाते.

"तू? तू धुयानी. हाटेलमा खानारी. मन्ही दाय रोज कशी लागस, तुले काय म्हाईत?"

"मग रोज खाणारं कोण आहे?" मी चिडून म्हणाले. "काकाच ना? त्यांना तर जीभच नाही!"

काका ओट्याच्या दुसऱ्या टोकाला चपलेचा पट्टा शिवत बसले होते. त्यांनी दाताने दोरा तोडला आणि वर न बघता म्हणाले,

"फेबरवारीपाईन हिंग जास्त पडी राहिना."

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी दुसरी चप्पल घेतली.

"लसूण बी. आधी लसूण लाल व्हई, मंग जिरं पडे. आते दोन्ही सोबत पडतंस. आन गुरुवारले दाय अळणी व्हती. शनवारले मीठ दोनदा."

"तुमले समजनं व्हतं?" मावशीने विचारलं.

"हा."

"मंग सांगं काबर नही?"

काकांनी सुईत नवा दोरा ओवला. त्यांच्या तुटक बोलण्यातून एवढंच कळलं, की त्यांना चव गेल्याचं मार्चपासूनच ठाऊक होतं आणि न्हाणीघराच्या आडोशाची लवंगही ठाऊक होती. बाटलीतलं निलगिरीचं तेल संपत आलं की ते आणून भरतही होते. मावशीला वाटत होतं, बाटली फार पुरते आहे.

मी काय बोलले ते आठवून आजही कान तापतात. मी म्हटलं, "दहा महिने कळत होतं आणि तोंडातून शब्द काढला नाहीत? ती त्या घरी जाऊन फजीत झाली, ती तुमच्यामुळे झाली!" काकांनी ऐकून घेतलं. मग चपला पायात घातल्या, तिथूनच समाधानच्या घरी गेले आणि सांगून आले की द्रौपदा येतेय आणि सोबत मीही येतोय.

साखरपुड्याच्या दिवशी विहारासमोरच्या पटांगणात तीन चुली मांडल्या होत्या. काका स्वच्छ पांढरा सदरा घालून चुलीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, हातात एक वाटी आणि शेजारी पाण्याचा तांब्या. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. बापई माणूस चुलीपाशी, तोही पुना मापाडी! मावशीने पहिला थेंब वाटीत वाढला. काकांनी चाखला, डोळे मिटले, चूळ भरली. आणि मग तो यार्डातला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"मीठ पावशेर आखो!"

सगळं पटांगण वळून बघायला लागलं. मावशीने आणखी पावशेर मीठ टाकलं, घोटलं, पुन्हा वाढलं.

"छटाकभर!"

तसंच हिंगाचं, तसंच भाजीच्या मिरचीचं. चव सांगायला त्यांच्याकडे वजनाशिवाय शब्दच नव्हते, आणि मावशीला वजनाशिवाय काही नकोच होतं. फोडणीच्या वेळी त्यांनी नुसता हात वर केला आणि लसूण लाल होईपर्यंत तसाच धरला. हात खाली आला तेव्हा जिरं पडलं. त्या वासाने मलाच भूक लागली. मावशी माझ्याकडे बघत होती. वास येतोय का हे ती माझ्या तोंडावरून वाचत होती.

सहाशे माणसं जेवली. मुलाकडची म्हातारी माणसं बट्टी कुस्करून डाळ मागत राहिली आणि समाधान पळत येऊन मावशीच्या पाया पडून गेला. पाणी संध्याकाळपर्यंत पुरलं. मावशी जारच मोजत होती, पाहुण्यांच्या तोंडाकडे तिने पाहिलंच नाही.

सगळ्यात शेवटी, चार वाजता, आम्ही तिघं मांडवाच्या कडेला जेवायला बसलो. मावशीने तिघांची पानं वाढली. काकांनी खाली मान घातली आणि जेवायला लागले. मावशीने स्वतःच्या ताटाला हात लावला नव्हता.

"आते सांगा," ती म्हणाली. "बठ्ठा लोक चांगली म्हनतंस. लोक त्या गावले बी चांगली म्हनी गयात. माले तर समजत नही. तुम्हीन सांगं तरच माले समजई. कशी व्हयनी?"

काका घास चावत राहिले.

"मापं सांगतात, मग एक शब्द सांगायला काय होतं?" मी म्हणाले. आवाज चढलाच माझा.

त्यांनी घास गिळला आणि ताटाकडेच बघत सांगायला सुरुवात केली. इतकं सलग बोलताना मी त्यांना ना आधी ऐकलं, ना नंतर. बहात्तरच्या दुष्काळात ते अकरा वर्षांचे होते, चार भावंडांत थोरले. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. एक दिवस तिला कुठून तरी दोन वांगी मिळाली. तिने भाजी केली, प्रत्येकाला वाटीच्या तळाशी येईल एवढी.

"मी म्हनं, माय, भाजी चांगली व्हयनी. तिनी तिन्ही वाटी मन्हा ताटमा टाकी दिन्ही. आन तशीच कामवर गई." ते थांबले. "दुपारले चक्कर ईसन पडनी. लोकेसनी उचली आनी."

मावशीचा हात तोंडावर गेला.

"चांगली म्हनं का समोरना उपाशी ऱ्हास," काका म्हणाले. "तवयपाईन मी कोनाच ताटवर काही म्हनं नही."

मी त्यांना वीस वर्षं माजोरी समजत होते. मराठी शिकवते मी, माणसाच्या बोलण्याचे अर्थ लावते आणि त्याचा पगार घेते. एका माणसाचं न बोलणं मला वाचता आलं नाही. मी मान खाली घातली. माझी लाज मला लपवता येईना.

मग काकांनी मान वर केली आणि मावशीकडे बघितलं, चांगलं रोखून.

"द्रौपदा," ते म्हणाले, "दाय चांगली व्हयनी. पहिला दिसपाईन चांगलीच व्हस."

मावशीने काही विचार केला नाही. अडतीस वर्षांनी आलेलं ते वाक्य ऐकलं आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या वाटीकडे गेला. तिने ती उचलली आणि त्यांच्या ताटावर धरली. काकांनी झटकन दोन्ही तळवे ताटावर पसरले. साठ वर्षांचा माणूस, पण घाबरलेला हात अकरा वर्षांच्या पोराचा होता.

मावशी वाटी धरून तशीच थांबली. मग तिने ती खाली ठेवली, शेजारचं मोठं पातेलं दोन्ही हातांनी ओढलं आणि झाकण काढून त्यांच्यापुढे तिरपं केलं. आत गुडघाभर डाळ होती.

"अहो, पातेलं भरेल शे," ती म्हणाली. "देखा. मन्हीबी वाटी भरेल शे. कोनी उपाशी नही ऱ्हावाव. हात काढा."

काकांनी पातेल्यात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग एक हात काढला, मग दुसरा.

"मंग टाक आखो," ते म्हणाले.